तेवीस मिनिटांची हुर्यो : 'सुइसाइड'चा पहिला अल्बम आणि त्याचे श्रोते

माझ्या संग्रहात एक ध्वनिमुद्रण आहे. तेवीस मिनिटांचं, साध्या कॅसेटवर उतरवलेलं, त्यामुळे आवाज फाटका. दोन माणसं गातायत-वाजवतायत आणि समोरचा जमाव त्यांना हाकलून लावतोय, असं त्याचं एकूण स्वरूप. आधी थोड्या टाळ्या पडतात, पाहुण्याला पाणी विचारावं तितपत. मग शिट्ट्या. मग हुर्यो. मग एका नावाचा गजर सुरू होतो, आणि ते नाव रंगमंचावरच्या दोघांपैकी कोणाचंच नसतं. पुढे गायकाच्या हाताखालचा माईकच कोणीतरी पळवतं आणि कार्यक्रम संपतो.

तारीख १६ जून १९७८. जागा ब्रसेल्समधलं आँसियन बेल्जिक हे सभागृह. रंगमंचावर न्यू यॉर्कचे ॲलन वेगा आणि मार्टिन रेव्ह, म्हणजे 'सुइसाइड' हा दोघांचा बँड. लोक आले होते एल्व्हिस कॉस्टेलो या इंग्लिश रॉक गायकाला ऐकायला. या दोघांना आधीची जागा भरायला ठेवलेलं. कॅसेट चालू ठेवली होती हॉवर्ड थॉम्पसन यांनी. सुइसाइडचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये ज्या ब्राँझ रेकॉर्ड्सने काढला, त्या कंपनीतले ते.

श्रोत्यांची प्रतिक्रिया काय होती, हे सहसा आपल्याला परीक्षणांतून कळतं किंवा म्हाताऱ्या झालेल्या रसिकांच्या आठवणींतून. इथे ती खुद्द टेपवर आहे, सुरांच्या बरोबरीने. म्हणून हे प्रकरण मला अभ्यासाला घ्यावंसं वाटलं. लोक इतके का भडकले, आणि ज्यावर भडकले तोच अल्बम पुढे गॉथिक (काळोख्या, उदास धाटणीचं रॉक) आणि सिंथ-रॉक (इलेक्ट्रॉनिक सूरयंत्रांवर उभं असलेलं रॉक) मंडळींच्या घराण्यात मूळपुरुषाच्या जागी कसा बसला, एवढाच प्रश्न आहे. 'गॉथिक' ही चिठ्ठी त्या संगीतावर लागायला अजून काही वर्षं होती. वेगा-रेव्ह स्वतःला त्यात मोजत नसत. पण घराण्याचं नाव नंतरच पडतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

दोघं

वेगा ब्रुकलिनचा. जन्मनाव बोरुख ॲलन बर्मोविट्झ. ब्रुकलिन कॉलेजात चित्रकला शिकला. तिथे ॲड राइनहार्टसारखा अमूर्त चित्रकार त्याला शिकवायला होता. टाकाऊ दिवे, वायरी, टीव्हीच्या नळ्या यांची प्रकाशशिल्पं करायचा. १९६९मध्ये त्याने इगी पॉप या रॉक गायकाला रंगमंचावर पाहिलं. गाणारा माणूस आणि बघणारा माणूस यांच्यामधली भिंत कोणीतरी पाडू शकतं, हे त्याला त्या रात्री दिसलं, असं तो नंतर अनेकदा सांगे. रेव्ह त्याच्याहून बराच लहान, जॅझमध्ये वाढलेला. लेनी ट्रिस्टानोकडे शिकलेला पियानोवाला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ज्याला 'वाजवता येत नाही म्हणून एकच बोट दाबून बसलाय' असं लोक हिणवत, तो पक्का तालमीतला माणूस होता.

१९७०मध्ये दोघं एकत्र आले. सुरुवातीला सोबत एक गिटारवादकही होता, तो गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आणला नाही. त्या काळातल्या त्यांच्या एका जाहिरातीच्या पत्रकावर 'पंक' हा शब्द छापलेला आहे: 'पंक मास', म्हणजे पंक प्रार्थना. पुढे रॉकमधली जी बंडखोर चळवळ त्या नावाने ओळखली गेली तिच्या कितीतरी आधी. त्याच चळवळीतली पोरं पुढे यांच्यावर थुंकली, हा भाग येईलच.

बँडच्या नावाबद्दल वेगाचं म्हणणं ठरलेलं होतं. ते एखाद्या माणसाच्या आत्महत्येबद्दल नाही, देशाच्या आहे. व्हिएतनाम चालू होतं, न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीकडे निघालं होतं. त्यांनी जिथे कार्यक्रम केले त्या मर्सर आर्ट्स सेंटरची इमारत तर १९७३च्या ऑगस्टमध्ये चक्क कोसळली. पण जाहिरातीत एवढं स्पष्टीकरण मावत नाही. क्लबमालकांना दिसे तो नुसता शब्द.

कार्यक्रमही सोपे नसत. वेगा सायकलची साखळी गरगर फिरवी, भिंतीवर आपटी, स्वतःला ओरखाडे काढी. लोक उठून जायला लागले की दरवाजा अडवून उभा राही. आलात ना, आता ऐका. हा खाक्या सात वर्षं चालला आणि तेवढ्या काळात एकही अल्बम निघाला नाही.

डबा

अल्बम निघाला १९७७च्या अगदी शेवटी, डिसेंबरात. न्यू यॉर्क डॉल्स या बँडचा माजी व्यवस्थापक मार्टी थाउ याने रेड स्टार नावाचं छोटं लेबल काढलं होतं, त्यावर. ध्वनिमुद्रण ब्लॉव्हेल्ट गावच्या अल्टिमा साउंड या स्टुडिओत, चार दिवसांत. निर्माता स्वतः थाउ आणि त्याच्यासोबत क्रेग लिऑन, ज्याने आदल्याच वर्षी रामोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम केला होता. सात गाणी, बत्तीसेक मिनिटं. पांढऱ्या मुखपृष्ठावर बँडचं नाव आणि रक्ताच्या फराट्यांसारखा लाल रंग.

आता आवाजाकडे येऊ, कारण सगळं भांडण तिथेच आहे.

सिंथ-रॉक म्हटलं की डोळ्यांसमोर नळ्या-बटणांचा भारी सिंथेसायझर येतो. इथे मुख्यतः आहे फारफिसा ऑर्गन, म्हणजे साठच्या दशकात लग्नाच्या बँडपासून गॅरेजमधल्या पोरांपर्यंत सगळ्यांकडे असायचा तो किरटा इटालियन बाजा, आवाज मुद्दाम फाडणाऱ्या (डिस्टॉर्शनच्या) पेट्यांमधून काढून जाडाभरडा केलेला. आणि ताल धरायला सीबर्ग कंपनीचा 'रिदम प्रिन्स' नावाचा डबा. हा डबा काही रॉकसाठी बनलेला नव्हता. घरच्या दिवाणखान्यात किंवा हॉटेलात ऑर्गन वाजवणाऱ्याला एकट्याने कार्यक्रम करता यावा म्हणून रुंबा, बोसानोव्हा, फॉक्सट्रॉट असे ठेके भरून विकायची पेटी ती.

आपल्याकडे याला अगदी जवळचं उदाहरण आहे. रियाजाला बसताना इलेक्ट्रॉनिक तबला लावतात ना, तो. घरात, दार लावून, तो बिनतक्रार चालतो. उलट गुरुजी नसताना तोच आधार. पण समजा, भरल्या मैफलीत नाव झालेला गवई आला, तानपुरे लावले नाहीत, तबलजी नाहीच, गवयाने तो डबा मध्ये ठेवला, एकतालाचं बटण दाबलं आणि डोळे वटारून श्रोत्यांकडे बघत उभा राहिला. पहिल्या रांगेतल्या जाणकारांचं काय होईल? ब्रसेल्सला तेच झालं. आवाज कर्कश होता म्हणून झालं, असं मला वाटत नाही. १९७८च्या रॉक श्रोत्याला कर्कशपणाचं कौतुकच होतं. ड्रमवाल्याची जागा रिकामी होती म्हणून झालं.

रेव्ह जे वाजवतो त्याला आपल्या शब्दांत नगमा किंवा लेहरा म्हणता येईल. 'घोस्ट रायडर'मध्ये तो एकच तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरतो. अंतरा नाही, सूर बदलत नाही, मधला विसावा नाही. कथकमध्ये लेहरा असाच अचल असतो, पण त्यावर नाचणारा समेवर येतो, तिहाई घेतो, आणि सगळं सभागृह 'हां' म्हणून सुटतं. इथे सम कधी येतच नाही. लेहरा फिरत राहतो आणि त्यावर वेगा कुजबुजतो, उचकी दिल्यासारखा थबकतो, मधूनच किंचाळतो. सुटकेची ती जागा पहिल्यापासून शेवटपर्यंत नाकारलेली आहे.

लिऑनने त्यावर जमैकातल्या डब संगीताची रीत वापरली: आवाजावर प्रतिध्वनीचे थर चढवायचे, म्हणजे शब्द संपला तरी त्याचं भूत मागे रेंगाळतं. गंमत अशी की वेगाची गायनाची धाटणी याहूनही जुनी. ती सरळ एल्व्हिस प्रेस्लीची, रॉकाबिलीची. त्या जुन्या रेकॉर्डांवरही असाच लपकणारा प्रतिध्वनी असे. म्हणजे भविष्यातला वाटावा असा हा अल्बम अर्धाअधिक पन्नासच्या दशकातल्या आवाजाचा सांगाडा आहे. मांस काढलेलं. 'शेरी' ऐकलं तर हे चटकन कळतं. ते निव्वळ प्रेमगीत आहे, खेळण्यातल्या घंटांसारखा नाद आणि त्यामागे कुजबुज. या अल्बमला 'भयानक' म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी बहुधा ते ऐकलेलं नसतं.

फ्रँकी

तरीही भयानक म्हणावं असं त्यात एक गाणं आहेच आणि त्याला वळसा घालून जाता येणार नाही. 'फ्रँकी टीअरड्रॉप', सव्वादहा मिनिटांहून थोडं जास्त. वीस वर्षांचा एक कारखान्यातला कामगार, लग्न झालेलं, पदरी मूल, भाड्याला पैसे पुरत नाहीत, घर सोडायची पाळी. तो घरी येतो, पोराला मारतो, बायकोला मारतो, स्वतःला संपवतो. वेगाला ही गोष्ट एका बातमीवरून सुचली. तो ती जवळजवळ बोलून सांगतो, खालच्या आवाजात, आणि ठेक्याचा डबा यंत्रमागासारखा चालू. मग मध्येच, काहीही पूर्वसूचना न देता, किंकाळी. ती कुठे येणार हे माहीत असूनही दर वेळी मी दचकलोय.

गॉथिक कथेला पडका वाडा लागतो, वटवाघुळं लागतात, वंशावर बसलेला शाप लागतो. इथे वाड्याच्या जागी भाड्याची खोली आहे आणि शापाच्या जागी तुटपुंजा पगार. मला हा सगळ्या अल्बममधला सर्वांत गॉथिक भाग वाटतो, आणि त्याचबरोबर सर्वांत कमी नाटकी. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या माझ्या एका मित्राला हे गाणं ऐकवलं. तो पाच मिनिटं गप्प ऐकत बसला आणि 'बंद कर' म्हणाला. शब्द त्याला अर्धेच कळले होते. डबा मात्र कळला होता. साच्यांचा आवाज तो ओळखतो.

शेवटाकडे गाणं फ्रँकीवरून सरकून ऐकणाऱ्यावर येतं: आपण सगळेच फ्रँकी. इथवर आलेल्या श्रोत्याला बाहेर निघायला वाट ठेवलेली नाही. वेगाने क्लबात दरवाजा अडवला होता तसंच हे, फक्त रेकॉर्डवर.

हुर्यो

तर ब्रसेल्स. क्रम साधारण अल्बमचाच: 'घोस्ट रायडर', 'रॉकेट यूएसए', 'शेरी', मग 'डान्स', आणि शेवटी 'फ्रँकी टीअरड्रॉप'. टेप नीट ऐकली तर राग एकदम भडकलेला नाही, हे लक्षात येतं. पहिल्या गाण्याला लोकांनी वाट पाहिली. ढोलकीवाला आतून येत असेल, गिटारवाले येत असतील, हे काहीतरी नांदीसारखं चाललं असेल. दुसरं गाणंही तसंच निघालं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की कोणी येणार नाहीये. हेच ते. तिथून गोंधळ चढत गेलाय.

आणि मग तो गजर: एल्व्हिस, एल्व्हिस! त्यांना अर्थातच कॉस्टेलो हवा होता. पण प्रेस्लीला जाऊन त्या दिवशी बरोबर दहा महिने झाले होते, आणि त्या सभागृहात प्रेस्लीच्या गळ्याची सगळ्यात मनोभावे नक्कल करणारा माणूस, ज्याला हाकला म्हणून ते ओरडत होते, तोच होता. याहून विचित्र योगायोग रचायला गेलो तर कथेत खोटा वाटेल.

वेगा 'फ्रँकी'पाशी आला तेव्हा ऐकूच येईना. तो जमावावर शिवी हासडून ओरडला, गप्प बसा, हे फ्रँकीबद्दल आहे. टेपवर ते स्वच्छ ऐकू येतं. मला दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं. लोकांना चिथावणं हा त्याचा धंदाच होता, हे खरं; पण या वाक्यात चिथावणी नाही. आपण सांगत असलेल्या मेलेल्या माणसाचा अपमान होतोय, असा त्याचा सूर आहे. तो त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा होता, आठवड्याने चाळिशी पुरी होणार होती. हे सभागृहात कोणाला माहीत नव्हतं, कारण वय दहा वर्षांनी कमी सांगायची त्याची रीत होती आणि ती पुढे तीसेक वर्षं खपली. पोरसवदा पंक म्हणून ज्याच्यावर लोक ओरडत होते तो त्यातल्या पुष्कळांच्या काकाच्या वयाचा होता.

पुढचं थोडक्यात. माईक गेला, कार्यक्रम थांबला. आपल्या आधीच्या कलाकारांना दिलेल्या वागणुकीने कॉस्टेलो चिडला, त्याने थोडकंच गाऊन आवरतं घेतलं, आणि मग लोकांनी खरोखरच दंगा केला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

याचा दोष ब्रसेल्सच्या श्रोत्यांना देऊन मोकळं होता येत नाही, कारण त्याच उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये तेच झालं. तिथे सुइसाइड 'द क्लॅश' या पंक बँडच्या दौऱ्यावर होते, म्हणजे समोर पंकचीच पोरं, नियम मोडायची शपथ घेतलेली. त्यांनी थुंकी, बाटल्या, हाताला येईल ते फेकलं. ग्लासगोला आपल्या दिशेने कुऱ्हाड भिरकावली गेली, असं वेगा पुढे आयुष्यभर सांगत आला. नियम मोडणाऱ्यांचेही नियम असतात. दोन गिटारी, एक ड्रमवाला, तीन स्वर, हा तो नियम. बाकी काहीही चालेल.

'लोक मागासलेले होते, बँड काळाच्या पुढे होता' हे स्पष्टीकरण बहुतेक लेखांत असतं आणि मला ते आळशी वाटतं. त्या श्रोत्यांनी बरोबर ऐकलं होतं. काय काढून टाकलंय हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं. त्यांची हुर्यो म्हणजे या अल्बमचं नेमकं परीक्षण होतं, फक्त उलट्या भावाने दिलेलं. याउलट मासिकातल्या शहाण्यांचं बघा. 'रोलिंग स्टोन'ने तेव्हा हा अल्बम झोडपला आणि २००३मध्ये सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांच्या यादीत तोच घातला. पंचवीस वर्षांत रेकॉर्डवरची एक रेघही बदललेली नव्हती.

खोलीतले श्रोते

विक्री म्हणाल तर नगण्यच. पण ज्यांनी हा अल्बम मनाला लावून घेतला ते कोण होते आणि त्यांनी तो कसा ऐकला, हे बघायला लागलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ते एकटे होते.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचं उदाहरण सगळ्यात ठळक. न्यू यॉर्कच्या पॉवर स्टेशन या स्टुडिओत सुइसाइडचा दुसरा अल्बम होत होता, तिथेच त्याचंही काम चालू होतं, ओळख झाली. स्टेडियम भरवणारा माणूस. त्याच्या मागे वादकांचा मोठा ताफा. 'फ्रँकी टीअरड्रॉप' ही आपण ऐकलेल्या सगळ्यात अचाट रेकॉर्डांपैकी एक आहे, असं त्याने सांगितलेलं आहे. १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर त्याने एकट्याने 'नेब्रास्का' मुद्रित केला. त्यातल्या 'स्टेट ट्रूपर'मध्ये एकच तुकडा घोळवणारी गिटार आहे, दबका आवाज आहे, आणि शेवटी अंगावर येणाऱ्या आरोळ्या आहेत. कुठून आल्या ते विचारायला नको. ताफ्यासोबत हे त्याला सुचलं नसतं, असं माझं मत. रात्रीच्या खोलीतलंच ते काम.

पुढे २००५च्या एकट्याच्या दौऱ्यात तो सुइसाइडचं 'ड्रीम बेबी ड्रीम' (पहिल्या अल्बमनंतरचं गाणं) कार्यक्रमाच्या शेवटी गाऊ लागला, तेही पंप ऑर्गनवर. पंप ऑर्गन म्हणजे आपली संगीत नाटकातली पायपेटी, जवळजवळ तीच. रेव्हचा फाटका फारफिसा भात्याच्या श्वासावर आणून त्याने त्याचं भजन करून टाकलं. मूळ गाण्यात ते भजन होतंच, आधी ऐकू येत नव्हतं एवढंच.

उलट टोकाचा एकटा श्रोताही आहे. निक हॉर्नबी या इंग्लिश लेखकाने २००३मध्ये आपल्या आवडत्या गाण्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात 'फ्रँकी' येतं ते न आवडण्यासाठी. त्याने ते एकदाच ऐकलं आणि पुन्हा ऐकायची त्याला गरज वाटत नाही. जगात काय भीषण चाललंय ते कळायला वय झाल्यावर गाणं लागत नाही, गाण्याने धीर द्यावा, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. मला हा विरोध मोलाचा वाटतो. तो ब्रसेल्ससारखा 'ढोलकीवाला कुठेय' असा नाही. त्याने दहाही मिनिटं ऐकली, पुरतं ऐकलं, आणि नको म्हटलं.

न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावरच्या एका विनोदी कार्यक्रमात तर याचा खेळच झाला. आव्हान असं: रात्री, अंधारात, एकट्याने, कानांवर हेडफोन लावून 'फ्रँकी टीअरड्रॉप' शेवटपर्यंत ऐकून दाखवा. आमच्याकडे अमावास्येला स्मशानात खिळा ठोकून यायची पैज लागायची, त्या जातीची. हसण्यावारी नेलेलं असलं तरी नियमांकडे लक्ष द्या. मित्रांबरोबर ऐकलं तर ते धरत नाहीत. गाणं एकट्यासाठी आहे हे खेळ ठरवणाऱ्यांनी बरोबर ओळखलं.

लीड्समध्ये काय परत घातलं

पण मग गॉथिक बँडांनी हेच संगीत गर्दीसमोर कसं नेलं? याचं उत्तर मला इंग्लंडच्या लीड्स शहरात सापडतं. तिथून दोन बँड आले, दोघांनीही सुइसाइडचं ऋण मानलं, आणि दोघांनी ती रिकामी जागा वेगवेगळ्या रीतीने हाताळली.

'सॉफ्ट सेल' हे दोघंच राहिले. एक गाणारा, एक यंत्रांमागे उभा, चेहरा मख्ख. दोघांचा बँड असू शकतो हे सुइसाइडने दाखवून दिलं होतं. यांनी त्यावर नाचता येईल असे ठेके घातले. पुढे ऐंशीच्या दशकात ही जोडी इतकी रुळली की ड्रमवाला कुठे आहे, असं कोणी विचारेनासं झालं.

'सिस्टर्स ऑफ मर्सी'ची युक्ती जास्त धूर्त. त्यांच्याकडेही ठेका यंत्राचाच. पण त्यांनी यंत्राचं बारसं केलं: डॉक्टर ॲव्हलान्श. वादकांच्या नावांत त्याचं नाव छापू लागले. गिटारी परत आणल्या, आणि रंगमंचावर इतका धूर सोडला की मागे कोण आहे आणि कोण नाही हे दिसायचंच नाही. ब्रसेल्सच्या लोकांना जो माणूस दिसत नव्हता, त्याला यांनी नाव दिलं आणि धुक्यात उभं केलं. आणि हे सगळं करून ते वाजवायचे काय, तर बरेचदा 'घोस्ट रायडर'च. तोच लेहरा, तोच न येणारा सम. या वेळी समोरची गर्दी काळे कपडे घालून डोलत होती.

म्हणून गॉथिक रॉकचा उगम शोधताना वटवाघुळांच्या आणि चेहऱ्याला फासलेल्या पांढऱ्या पावडरीच्या मागे फार लागू नये, असं मी म्हणेन. बाकीच्यांनी मांस परत चढवलं, पोशाख चढवला. सांगाडा न्यू यॉर्कचा.

१९९४मध्ये 'द क्रो' या चित्रपटासाठी हेन्री रोलिन्सच्या बँडने 'घोस्ट रायडर' केलं, २०१०मध्ये एम.आय.ए. या गायिकेने त्याचाच तुकडा 'बॉर्न फ्री'साठी उचलला. प्रत्येकाने त्या जागेत आपापलं काही भरलं: कोणी गिटारी, कोणी ढोल. मूळ गाणं या सगळ्यांच्या शेजारी ठेवून ऐकलं की अजूनही सर्वांत रिकामं तेच वाटतं.

ब्रसेल्सची टेप १९७८मध्येच बर्लिनच्या कार्यक्रमाबरोबर थोड्या प्रतींत निघाली होती. १९९८ला अल्बम पुन्हा काढला तेव्हा ती त्यालाच जोडली. म्हणजे तेव्हापासून तो विकत घेणाऱ्याच्या हाती गाणी आणि त्यांना बसलेल्या शिव्या, दोन्ही एकाच वेष्टनात येतात. स्वतःच्या अल्बमला असा पुरवणी भाग जोडायला कोणी कलाकार सहजी तयार होईल असं मला वाटत नाही. नाटकमंडळींच्या घरी 'वन्स मोअर'ची कात्रणं जपून ठेवलेली पाहिली आहेत, टमाट्यांची नाही.

जुलै २०१५मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात सुइसाइडचा कार्यक्रम झाला. नाव दिलं होतं 'पंक मास', १९७०च्या त्या पत्रकावरचं. रोलिन्स आला होता, प्रायमल स्क्रीम या बँडचा बॉबी गिलेस्पी आला होता. वेगा सत्याहत्तर वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला. पुढच्या वर्षी १६ जुलैला तो गेला, आणि ती बातमी जगाला रोलिन्सने दिली. बार्बिकनला रेव्ह नेहमीसारखा गॉगल लावून पेटीपाशी उभा. मऊ खुर्च्या, क्रमांक छापलेल्या रांगा, पैसे मोजून आधी राखून ठेवलेल्या. दरवाजा अडवायला वेगाला जावं लागलं नाही.